कबुली ज्याची त्याने द्यायची

पुसेगावच्या बाजूला अमका माळकरी झाला म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ आली की मांसाहार सुटला, एकादशी लागली, वारी आली. नामदेवांचे नर्सी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तिथे तर हे सांगावेच लागत नाही. चारचौघांदेखत घातलेली माळ हीच त्याची कबुली. ख्रिस्ती मंडळींत हे काम शब्द करतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आणि उपासनेत उभे राहून विश्वासाचा जो ठरलेला मजकूर म्हणतात, त्याला मतांगीकार म्हणतात.

सर्वांत परिचित तो 'प्रेषितांचा मतांगीकार'. तो प्रेषितांनी लिहिलेला नाही. रोममध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी तीन प्रश्न विचारत, त्यांच्या उत्तरांतून तो घडत गेला. सावकाश म्हटला तरी मिनिटभरात संपतो. येशूचे दाखले, चमत्कार, डोंगरावरचे प्रवचन यांतले त्यात काहीच नाही. जन्मावरून मजकूर थेट दुःखभोगावर येतो. येशूखेरीज दोनच माणसांची नावे येतात : आई मरिया आणि रोमी सुभेदार पंतय पिलात. पिलातामुळे त्या मरणाला काळाची खूण मिळते.

दुसरा, नीकेयाचा मतांगीकार, वादातून जन्मला. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, असे अलेक्झांड्रियाचा आरियस सांगू लागला. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२५ साली आजच्या तुर्कस्तानातील नीकेया इथे बिशपांची परिषद भरवली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे तिने ठरवले. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर मजकुराला आजचे रूप आले. पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासून' निघतो, ही भर पश्चिमेने पुढे घातली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ती आजही मानलेली नाही.

मराठी मुलुखात वाद वेगळाच झाला : कबुली द्यायची कुणी आणि कितीची?

१८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, पण तो अल्पवयीन. वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात आला. आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर ब्रह्मवृंदात रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि टीकेचे धनी झाले. नारायणराव पुढे मराठवाड्यात आले. जालन्याजवळचे बेथेल हे ख्रिस्ती गाव त्यांनी वसवले.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण कबुली दिली म्हणजे चर्चचे सगळेच मान्य केले, हे त्यांना पटेना. अथनासियसच्या नावावरचा लांबलचक मतांगीकार, त्यातले त्रैक्याचे काटेकोर विवेचन आणि न मानणाऱ्याचा नाश होईल ही तंबी यांवर त्यांनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून झुंज घेतली. शास्त्रचर्चेत वाढलेली ही बाई विचारल्याशिवाय मान डोलावणारी नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमधून त्यांनीच मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध केले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र नवऱ्यामागोमाग लगेच गेल्या नाहीत. स्वतःला पटल्यावर, काही वर्षांनी त्यांनी तो घेतला. अखेरच्या काळात टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली.

हा पेच संस्थांनाही सोडवावा लागला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. त्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे जाणत्या वयात स्वतः कबुली दिल्याशिवाय बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्टही. तोडगा निघाला तो दोन्ही रीती मान्य करण्याचा. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी मंडळीपुढे उभे राहून कबुली द्यायची. आईबापांनी त्याच्या वतीने दिलेला शब्द तिथवरच चालतो. श्रीपत शेषाद्रीच्या खटल्यातला वयाचा प्रश्न चर्चने असा आपल्या नियमांतच बसवला : विश्वास घराण्यातून मिळू शकतो, कबुली मिळत नाही.