सर्च बॉक्समध्ये खर्डा

मोबाइलवर नुसतं ‘खर्डा’ लिहून शोधलं, तर मिरचीचा खर्डा हवाय की जामखेड तालुक्यातलं गाव, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. त्यात ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामअलीला जिथे नमवलं ते हेच गाव जुन्या इंग्रजी इतिहासांत ‘कुर्डला’ म्हणून नोंदलेलं. शिवाय खर्डी नावाचं स्टेशन शहापूर तालुक्यात. एका गावाला शोधायचं तर एवढी गर्दी.

सर्च बॉक्सचं बाहेरचं रूप आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. एचटीएमएलच्या सुरुवातीच्या काळात ‘आयएसइंडेक्स’ नावाचा एक टॅग होता. तो पानावर टाकला की शब्द लिहायला एक चौकट उघडायची, बाकी काही नाही. २०१४च्या एचटीएमएल-५मध्ये फॉर्मच्या रकान्यांत ‘सर्च’ असा वेगळा प्रकार आला आणि २०२३मध्ये पानावरचा शोधाचा भाग दाखवणारा स्वतंत्र टॅगही प्रमाणात दाखल झाला. त्यामुळे दृष्टिहीन माणसाचं स्क्रीन रीडर थेट त्या भागापाशी जाऊ शकतं. पण साधा मजकुराचा रकाना आणि सर्चचा रकाना यांतला फरक मुख्यतः दिसण्यापुरता आहे, असं ही प्रमाणंच सांगतात. लिहिलेला शब्द कशाशी आणि कसा जुळवायचा, हे त्यांनी फॉर्म बनवणाऱ्यावर सोडलंय. मराठीची खरी पंचाईत इथून पुढे सुरू होते.

‘खर्डा’ आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो पाच खुणांचा आहे: ख, र, हलन्त, ड आणि काना. रकान्याची कमाल लांबी ठरवताना ब्राउझर मोजतो या खुणा, अक्षरं नव्हेत. समजा नावासाठी दहाची मर्यादा घातली. ‘ज्ञानेश्वर’ त्यात बरोबर दहा खुणांत बसतो. ‘ज्ञानेश्वरी’ला अकरा लागतात. शेवटची वेलांटी घेतली जात नाही आणि मुलीच्या जागी मुलगा शोधला जातो! रकान्याची उंचीही इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली असली, की ‘खर्डा’च्या डोक्यावरचा रफार अर्धा कापला जातो. मग ‘खर्डा’ लिहिलाय की ‘खडा’, हे लिहिणाऱ्यालाच दिसत नाही.

याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे ‘बऱ्हाटे’सारखी आडनावं. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा ‘ऱ’ला हलन्त जोडून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी एक जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ‘ॲडव्होकेट’मधल्या ‘ॲ’चीही हीच गत. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८मध्ये. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊनच काम भागवावं लागे, आणि तो मजकूर आजही तसाच पडून आहे.

आता सातबारा पाहायचा म्हणा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आधी विभाग निवडायचा. खर्ड्याचा माणूस कामाला पुण्याला जात असेल, पण इथे त्याला ‘नाशिक’ निवडावं लागतं. मग जिल्हा, तालुका, गाव. त्यानंतर गट नंबर, पहिलं नाव किंवा आडनाव. ३१ मे २०२३ रोजी याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जिल्ह्याच्या नव्या नावाची घोषणा झाली आणि पुढे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. लोक बोलताना मात्र अजून सर्रास ‘नगर’च म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवणी करणाऱ्या एखाद्या रकान्याला हे ‘नगर’ सापडणारच नाही. मधूनही जुळवणाऱ्याला सापडेल, पण सोबत छत्रपती संभाजीनगरही येईल. माझ्या मते दुसरा प्रकारच बरा. एक नाव जास्त आलं तर माणूस ते सोडून देतो. आलंच नाही तर आपली नोंदच नाही असं समजून निघून जातो.

यावर उपाय आहेत, आणि ते महागडेही नाहीत. शोधण्याआधी लिहिलेला शब्द आणि साठवलेला शब्द, दोन्हींतल्या न दिसणाऱ्या खुणा काढून ते एकाच वळणावर आणायचे. जुनं नाव, नवं नाव, बोलीतलं नाव आणि रोमन लिपीतली स्पेलिंगं एकाच गावाच्या खाती ठेवायची. गावांना कायमचे आकडी संकेतांक द्यायची सोय केंद्राच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त आहेच. नोंद त्या आकड्याला बांधली, तर पाटी कितीदाही बदलो. मोबाइलच्या कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याचा शब्द पुरा होण्याआधीच यादी गाळायला घेऊ नये. ‘खर’पर्यंत आलेल्याला ‘काही सापडलं नाही’ सांगण्यात काय हशील?

आणि गट नंबर. एचटीएमएलच्या ‘नंबर’ रकान्याला फक्त इंग्रजी वळणाचे आकडे चालतात. ‘४५’ हा त्याच्या लेखी आकडा नव्हे, आणि ‘45/2अ’मधल्या तिरप्या रेघेला व ‘अ’लाही तिथे जागा नाही. पोटहिस्स्यांच्या शेतीत तो प्रकार कुचकामीच. तिथे साधा मजकुराचा रकाना द्यावा, दोन्ही वळणांचे आकडे घ्यावेत आणि काही सापडलं नाही तरी लिहिलेला नंबर रकान्यात तसाच राहू द्यावा, म्हणजे एका आकड्याच्या चुकीसाठी विभागापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही.