दाराचं सुकाणू

भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या ‘बायनात’ या बोटीवर एक दार असं होतं, जे कापलं तरी बोट चालू शकत होती. ते संडासाचं. २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूची पाती मोडली, तेव्हा त्यांनी त्या दाराचं लाकूड कापून नवं पातं घडवलं. एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालायचा होता आणि बाहेरून मदत घेतली की मूळ शर्यतीतून बाद. २९ एप्रिल २०२३ला ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले ते दुसऱ्या क्रमांकाने.

टॉमींचं मुख्य सुकाणू जागेवर होतं. तेच गेलं तर?

सुकाणू जाताना मोठा आवाज होतोच असं नाही. चाक धरलेल्या हाताला एकाएकी काही जाणवेनासं होतं, बोट वाऱ्याकडे तोंड फिरवते आणि शिडं फडफडायला लागतात. अशा वेळी जाणता खलाशी आधी तळाशी वाकून बघतो. सुकाणूचा दांडा बोटीच्या बुडातून आरपार गेलेला असतो. तो उपटला असेल तर तिथून पाणी आत येतं. आधी ते भोक बुजवायचं. दांडा शाबूत असेल आणि चाकाची नुसती तार तुटली असेल, तर दांड्याच्या माथ्यावर आणीबाणीचा टिलर, म्हणजे सुकाणू हाताने वळवायची मूठ, बसवून काम भागतं.

पातंच गळून पडलं असेल, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच युक्ती येते. शीड ताणायच्या लांब खांबाला एखादी फळी जोडायची आणि पिछाडीवरून वल्ह्यासारखी पाण्यात सोडायची. खुल्या समुद्रात ही युक्ती फार वेळा दगा देते. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: तीन नॉटचे सहा झाले की फळीवरचा भार चौपट. लाकूड वर तरंगायला बघतं, अॅल्युमिनियमचा खांब वाकतो, दोराच्या गाठी सैल होतात. हेलकावणाऱ्या बोटीत ओल्या हातांनी प्लायवूडला भोकं पाडणं काय असतं, याची कल्पना धक्क्यावर येत नाही. म्हणून शहाणे लोक निघण्याआधीच एखाद्या कप्प्याच्या झाकणाला चार भोकं पाडून ठेवतात आणि त्यांत बसणारे यू-बोल्ट त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला पिशवीत बांधून ठेवतात.

पण मुळात पात्याची जागा पात्यानेच घ्यायला हवी, असं नाही. ‘सुहेली’ हे याचं सगळ्यांत थोर उदाहरण, आणि ही बोट आपल्या मुंबईत घडलेली. सागवानाची, ३२ फुटी, १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरलेली. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन १४ जून १९६८ला इंग्लंडातल्या फालमथहून एकट्याने जगाला वळसा घालायला निघाले. ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिचं स्वयंचलित सुकाणू कायमचं मोडलं. मुख्य सुकाणू होतं, पण ते चोवीस तास धरून बसणार कोण? त्यांनी पुढच्या-मागच्या शिडांचा तोल असा जमवला की बोट आपल्या आपण बरीचशी सरळ चालू लागली. केप हॉर्न वळून, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला ते परतले. पुढचं शीड नाळ वाऱ्यापासून दूर ढकलतं, मागचं तिला वाऱ्याकडे ओढतं. सुकाणू नसलेल्या बोटीलाही हाच नियम लागू पडतो. ‘सुहेली’सारखी लांब कण्याची बोट या बाबतीत समजूतदार. अरुंद, खोल कण्याच्या आधुनिक बोटी मात्र पटकन भरकटतात.

त्यांच्यासाठी उपाय आहे ओढीचा. अमेरिकेच्या मायकेल कीवर्थ यांनी ‘शासर’ या स्वॉन ४४ जातीच्या बोटीचं सुकाणू चक्क काढून ठेवलं आणि पाण्यात ओढायचा ड्रोग, म्हणजे पट्ट्यांची विणलेली टोपली, मागे सोडून ती चालवून पाहिली. ड्रोगला दोन दोर, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. उजवा ताणला की उजव्या बाजूला अडथळा वाढतो आणि नाळ उजवीकडे वळते. दोर अगदी पिछाडीला न बांधता बोटीच्या मध्यापाशी आणले तर पकड चांगली मिळते, कारण पिछाडीला हलायला मोकळीक राहते. वेग घटतो, त्याला इलाज नाही. ड्रोग नसेल तर बादली, साखळी, जुना टायरही ओढता येतो.

सुकाणू निकामी होणं ही नुसती कल्पना नाही. २०२०पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ओर्का देवमासे सुकाणूंना धडका देऊन ती मोडू लागले आहेत, काही बोटी बुडाल्याही. ‘तारिणी’ ही गोव्याच्या दिवाडीत बांधलेली नौदलाची बोट २०१८च्या एप्रिलमध्ये सुकाणू-यंत्रणेच्या बिघाडामुळेच मॉरिशसच्या पोर्ट लुईला वळली होती. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या नियमांत आणीबाणीच्या टिलरखेरीज सुकाणू निकामी असताना बोट वळवायची ‘सिद्ध झालेली’ पद्धत हवी, असं म्हटलेलं आहे. त्यातला ‘सिद्ध’ हा शब्द फार मोलाचा आहे. जिच्या कपाटातल्या ड्रोगने कधी पाणी पाहिलेलं नाही, त्या बोटीपाशी पद्धत नसते.

ओढीवर चालणाऱ्या बोटीत मग रात्रंदिवस दोर बघावे लागतात. काठावर जिथे दोर घासतो तिथे रबरी नळीचा तुकडा चढवतात, आणि पहाऱ्यावरचा माणूस दर पाळीला दोर वीतभर सैल सोडून घासणारी जागा बदलतो.