भीती टिकते कशाने?

अंधारातून अचानक कुणी अंगावर आलं की दचकायला होतं. पण दुसऱ्यांदा पाहताना ती भीती उरत नाही. अभिजात भयपटातली भीती माणसाच्या स्वभावात मुरलेली असते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट पाहा. सतत कोसळणारा पाऊस, पडका वाडा आणि कणकेची बाहुली घेऊन विहिरीच्या तळाशी उतरणारा विनायक. तिथला दैत्य हस्तर बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मोहरा ओरबाडायच्या. हस्तर भयंकर आहेच. पण विनायक हीच विद्या पोटच्या पोराला शिकवू लागतो, तेव्हा पोटात खरा गोळा येतो. पहिल्या वेळी बेताचाच चाललेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि आधीपेक्षा जास्त कमाई करून गेला.