दोन टीबी म्हणजे किती?



मागे एका गटाच्या बैठकीला गेले होते. सचिवताईंनी मोठ्या हौसेने एक पेन ड्राइव्ह दाखवला. आठवडे बाजारातून ४०० रुपयांत आणलेला, वर छापलेले ‘२ टीबी’. फोन भरला म्हणून त्यांनी गटाच्या वह्यांचे फोटो, कर्जाचे कागद, मेळाव्याचे व्हिडिओ असे सगळे त्यात टाकले आणि फोनमधून पुसले. बैठकीत उघडून पाहिले तर नावे दिसत होती, पण आत काहीच उघडेना. वह्या कपाटात होत्या म्हणून हिशेब वाचला. मेळाव्याचे व्हिडिओ मात्र गेले ते गेलेच.

“आमले काय माहीत ताई, दोन टीबी म्हंजे कितलं?” त्या म्हणाल्या. त्यांचे खरे होते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू मोजायची कशी? म्हणून आज आपण तिला आपल्या मापात आणू.

एमबीला ग्रॅम समजा. हजार एमबीचा एक जीबी, तो झाला किलो. हजार जीबीचा एक टीबी, तो झाला टन. फोनवर काढलेला एक फोटो साधारण ३ एमबीचा, म्हणजे ३ ग्रॅमचा. ६४ जीबीचा फोन म्हणजे ६४ किलोचे पोते. मग २ टीबी किती? दोन टन, म्हणजे वीस क्विंटल! वीस क्विंटल कापूस कोणी ४०० रुपयांत देऊ लागला, तर आपण आधी पोत्यात हात घालून बघू की नाही?

आता दुसरे माप. लग्नाची सीडी आपल्या सगळ्यांच्या घरात असायची. एका सीडीत ७०० एमबी मावतात आणि तिची जाडी असते सव्वा मिलिमीटरच्या आसपास. भाकरींची रचतो तशी सीडींची चळत रचा. ६४ जीबीसाठी ९२ सीडी लागतील, चळत अर्धी वीत उंच. एका टीबीला सुमारे १,४३० सीडी, चळत साडेपाच फुटांच्या वर, म्हणजे आपल्या डोक्याच्याही वर. २ टीबीची चळत अकरा फूट, घराच्या स्लॅबला लागेल.

त्या पेन ड्राइव्हमध्ये खरी जागा थोडीशीच असते. फक्त कॉम्प्युटरला ‘माझ्यात २ टीबी आहेत’ असे खोटे सांगायची व्यवस्था आत केलेली असते. खरी जागा भरेपर्यंत सगळे ठीक चालते. पुढे टाकलेले एक तर साठतच नाही, नाही तर आधीच्या माहितीवर जाऊन बसते. यादीत नाव राहते, वस्तू राहत नाही. खऱ्या २ टीबीच्या वस्तूला हजारो रुपये पडतात.

याहून मोठा आकडा पाहायचा तर तोही आपल्या खान्देशातूनच सुरू होतो. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका बाईच्या हाती दिले गेले. एप्रिल २०१६ मध्ये आधारधारकांची संख्या १०० कोटींवर गेली. फोटो, दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या खुणा अशी एका माणसाची माहिती ५ एमबी धरू. शंभर कोटींची झाली ५,००० टीबी. ती सीडींवर भरायची तर ७१ लाख सीडी लागतील. एका सीडीचे वजन १६ ग्रॅम धरले, तर दहा टनी बारा ट्रक लागतील. चळत रचली तर साडेआठ किलोमीटर, म्हणजे एकावर एक पाच कळसूबाई!

एवढी माहिती सांभाळायची कशी? आधारची माहिती केंद्रे दोन ठिकाणी आहेत, एक बंगळूरला आणि दुसरे हरियाणात मानेसरला. एका ठिकाणी काही झाले तर दुसरे ठिकाण असते. आपल्या गटानेही हेच करायचे.

एक, पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊनच घ्या. दोन, त्यात भरलेले फोटो, व्हिडिओ उघडून पाहा, सुरुवातीचे आणि शेवटचेही. नुसती नावे पाहून भागत नाही. तीन, दुसरीकडे प्रत ठेवल्याशिवाय फोनमधले पुसू नका. आणि चार, हिशेबाची वही लिहिणे सोडू नका.

वहीची पाने काही फार जागा घेत नाहीत. शंभर पानांच्या वहीचे सगळे फोटो काढले तरी ३०० एमबी होतात, अर्ध्या सीडीपेक्षा कमी. त्यासाठी २ टीबी लागतच नाहीत.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘स्टोरेज’ पाहायचे: पोते केवढे आहे आणि त्यात भरले किती. कोणाला सापडले नाही तर शेजारच्या ताईने दाखवायचे.