‘मला वेड लागलंय का?’ (विसरण्याच्या वाटेवर : लेखांक ९)

मेंदूच्या स्कॅनविषयी या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं, पण ते पुढे ढकलतो आहे. सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते बाजूला सारणं मला जमलं नाही. त्यांचे वडील निवृत्त शिक्षक. हल्ली गॅस चालू राहतो, पेन्शन काढून आणली की नाही हे आठवत नाही. डॉक्टरांनी ‘आज वार कोणता?’ असं विचारताच ते उठले, ‘मला वेड लागलंय का?’ म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. अशा माणसाला तपासणीला राजी कसं करायचं, असं त्या विचारतात.

हट्टी म्हातारा म्हणून हा विषय निकालात काढू नये. ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये मी यावर बरीच वर्षं बोलतो आहे. साखर तपासायची असली की हीच मंडळी सकाळी उपाशीपोटी रांगेत उभी असतात. स्मरणशक्तीच्या चाचणीचा कागद पुढे आला की मात्र एकेक जण घरी निघतो. साखर वाढलेली निघाली तर गोळी मिळते. इथे काही निघालं तर पासबुक कोणाच्या ताब्यात जाईल, स्कूटरची किल्ली आपल्याकडे राहील का, घरातल्या लग्नकार्यात आपलं मत कोणी विचारील का? या प्रश्नांची उत्तरं कोणीच देत नाही. नकार येतो तो तिथून, आणि मला तो समंजसपणाचा वाटतो.

तो आपल्याकडेच दिसतो असंही नाही. अमेरिकेत इंडियानापोलिसला मलाझ बुस्तानी आणि सहकाऱ्यांनी ३,००० हून अधिक ज्येष्ठांची नेहमीच्या दवाखान्यातच प्राथमिक चाचणी घेतली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी पुढची तपासणी नाकारली. नंतर इंडियानातच सुमारे ४,००० जणांवर प्रयोग झाला. चाचणी केल्यामुळे नैराश्य किंवा चिंता वाढत नाही हे त्यातून कळलं. पण जगणं सुधारल्याचंही दिसलं नाही. इंग्लंडने २०१४ साली प्रत्येक नव्या निदानामागे दवाखान्याला ५५ पौंड देऊन पाहिले. त्यावर बरीच टीका झाली आणि योजना काही महिन्यांतच आटोपली. काहीही तक्रार नसलेल्या सरसकट सगळ्या ज्येष्ठांना चाचणीला बसवावं, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही २०२० साली नोंदवलं. तेव्हा ठणठणीत माणसाने ‘मला नको’ म्हटलं तर त्याला अडाणी ठरवायचं कारण नाही.

सांगलीच्या गुरुजींची गोष्ट वेगळी आहे. गॅस उघडा राहतो आहे, म्हणजे तक्रार समोर आहे आणि तिचं कारण शोधायलाच हवं.

आता चाचणीतल्या प्रश्नांकडे वळतो, कारण हा माझ्या खास जिव्हाळ्याचा विषय. फोल्स्टीन दांपत्य आणि मॅक्ह्यू यांनी १९७५ साली बनवलेली ३० गुणांची चाचणी जगभर चालते. त्यात १०० मधून ७ वजा करत जायचं, एक वाक्य लिहायचं, लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटायचे. शाळेची पायरी न चढलेल्या आजींनी काय करायचं? त्या नापास होणार आणि आपण त्यांना रोगी म्हणणार! हरियाणातल्या बल्लभगडला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हे ओळखलं. १९९५ साली त्यांची हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत २० मधून ३ वजा करायचे. लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. वाचण्याऐवजी समोरचा डोळे मिटतो ते पाहून आपण मिटायचे. माणसाचा मान राखून घेतलेली परीक्षा म्हणून मला ती फार आवडते. उलट, आयुष्यभर पोरांना गणितं घातलेल्या गुरुजींना प्रस्तावनेचा एक शब्दही न बोलता थेट वार विचारणं हा अपमानच झाला. ‘काही प्रश्न अगदी सोपे वाटतील, पण ते मी सगळ्यांनाच विचारतो,’ एवढं डॉक्टरांनी आधी म्हणायला हवं होतं.

नकाराला आणखी एक बाजू आहे; त्यासाठी गोव्यातला एक अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचतो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथल्या लोकांना विस्मृती झालेल्या वृद्धाचं वर्णन ऐकवलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वर्णन लोकांना ओळखीचं वाटलं, पण आजार म्हणून नव्हे. हे वयाने होतंच, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि म्हातारपणी मन बिघडतं ते मुलांनी हेळसांड केल्यामुळे, माया न लावल्यामुळे, असाही सूर निघाला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बापाच्या आजाराला नाव मिळालं की शेजारीपाजारी लेकीसुनांकडे बोट दाखवणार. मग बाप नको म्हणतो त्यात मुलांची अब्रू सांभाळणंही असतं.

म्हणून भगिनींना सुचवतो की सुरुवात कानांपासून करा. ऐकू कमी आलं तरी माणूस विसरल्यासारखा वागतो. मग बी-१२ आणि थायरॉइडसाठी रक्त द्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, मन उदास आहे का तेही विचारा. यांतलं काही निघालं तर त्यावर उपाय आहे, आणि हे वडिलांना आधीच सांगा. स्मृतीची चाचणी त्यानंतर, जमल्यास ओळखीच्या डॉक्टरांकडे. तेव्हा तुम्ही खोलीबाहेर बसा. लेकीसमोर चुकायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका.

आणि निदान झालं की आपल्या सहीला किंमत राहणार नाही, या भीतीबद्दल त्यांच्याशी उघडपणे बोला. नुसत्या निदानाने मृत्युपत्र करण्याचा हक्क जात नाही. करतेवेळी आपण काय करतो आहोत हे समजत असलं पाहिजे, इतकंच भारतीय उत्तराधिकार कायदा मागतो. मुलाच्या नावे केलेलं मुखत्यारपत्र मात्र, देणाऱ्याचं भान हरपलं की १८७२ च्या करार कायद्यानुसार संपुष्टात येतं. त्यामुळे आपल्या पैशाचं आणि घराचं काय व्हावं हे स्वतः ठरवायचं असेल, तर आजार लवकर कळण्यात फायदा त्यांचाच आहे. गुरुजींना हे सांगा, आणि निर्णय त्यांना घेऊ द्या.