हवाई छत्री आणि तंजावरचे पाणी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे विमान सुमारे २१६ फूट उंच आहे. गाभाऱ्यावरील शिखराला दक्षिणेत विमान म्हणतात. हा योगायोग येथे सोयीचाच ठरतो. आकाशातून छत्री न उघडता, पोटावर पडत येणारा मनुष्य ताशी सुमारे १२० मैलांच्या वेगाने खाली येतो. राजराज चोळाने उभारलेल्या, आणि भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला शिलालेख ज्याच्या आवारात आहे त्या देवालयाची ती सारी उंची ओलांडावयास त्याला सव्वा सेकंद पुरतो.

हवाई छत्रीच्या विद्येतील सारे नियम या हिशेबातून निघाले आहेत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ च्या एप्रिलमध्ये आपली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण असे धाडस अपवादाचे. सामान्य शिकाऊ मनुष्याला पायरीपायरीनेच चढावे लागते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या पद्धतीत चार परवाने असून, पहिल्यासाठी २५ आणि दुसऱ्यासाठी ५० उड्या लागतात. दुसऱ्या परवान्याच्या उमेदवाराला लेखी परीक्षेबरोबर छत्री हाकण्याचे आणि पाण्यात उतरण्याचे शिक्षणही घ्यावे लागते.

हा परवाना मिळालेल्याने छत्री २,५०० फुटांच्या खाली उघडू नये, असा दंडक आहे. ती वाकडी उघडली, दोऱ्या गुंतल्या, तर सोडविण्याचा प्रयत्न जरूर करावा. मात्र १,८०० फुटांपर्यंत निर्णय झालाच पाहिजे. मुख्य छत्री तोडून टाकावयाची आणि राखीव छत्री उघडावयाची. १,८०० फूट म्हणजे बृहदीश्वराच्या आठपटीहून थोडे अधिक. ऐकावयास ते पुष्कळ वाटते, परंतु छत्री मुळीच उघडली नसेल तर ते जेमतेम दहा सेकंदांचे अंतर आहे. विचार जमिनीवरच करून ठेवावयाचा, वर फक्त हात चालवावयाचे. आणखी एक गोष्ट नवख्याला खरी वाटत नाही: अनेक प्राणघातक अपघात उत्तम उघडलेल्या छत्रीखालीच होतात. जमिनीजवळ येऊन घेतलेले जोराचे वळण छत्रीला एकदम खाली झेपावते आणि सावरावयास उंचीच उरत नाही.

पाण्याचे शिक्षण कशासाठी, याचे उत्तर तंजावरच्या भूमीवरून पाहिले की लगेच मिळते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नद्या, कालवे आणि तळी यांचे जाळे आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो, तेव्हा भाताची शेतेही आरशासारखी चमकतात. वरून पाहणाऱ्याला वीतभर पाणी कोणते आणि पुरुषभर कोणते हे कळत नाही; शिवाय पाण्यावरून उंचीचा अंदाजही हमखास चुकतो. म्हणून पाणी जवळ आले असे समजून पट्टे सोडून उडी टाकणे हा मोठाच प्रमाद होय. तो मनुष्य कित्येकदा पुष्कळ उंचावर असतो.

पाणी टाळता येत नसेल तर छातीचा पट्टा सैल करावा, तोंड वाऱ्याकडे ठेवावे, दीर्घ श्वास घ्यावा, आणि तळ उथळ असेल असे धरून पाय जुळवून गुडघे किंचित वाकवावे. अंग पाण्यात गेल्यावरच पट्ट्यांतून बाहेर सरकावे. वरून छत्री पडली तर तिची एक शिवण धरून काठापर्यंत जावे. हातपाय झाडल्यास दोऱ्या अधिकच गुंततात, आणि वाहत्या कालव्यात पाण्याने भरलेली छत्री पोहणाऱ्यालाही ओढून नेते.

पाण्यापेक्षाही वाईट शत्रू विजेच्या तारा. त्या वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांच्या रांगेवरून तारांची कल्पना करावी लागते. छत्री तारांत अडकलीच, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लटकलेल्याने हालचाल करू नये आणि खाली धावून आलेल्या शेतकऱ्यांनी त्याला किंवा छत्रीला हात लावू नये. तंजावरकडील खेड्यात ही सूचना अर्थातच तमिळमध्ये, आणि उडीच्या आधीच, द्यावी लागेल.