विहीणबाईंसाठी चार फ्रेंच वाक्ये

सदाशिव पेठेतील माझ्या दवाखान्यात मध्यंतरी ७२ वर्षांच्या एक आजी वही घेऊन आल्या. त्यांची सून फ्रान्सची. सुनेची आई ल्योन शहरात एकटी राहते. ती स्वयंपाकघरात पडली. हाड मोडले नाही, पण धीर सुटला आणि तिने बाहेर पडणेच सोडले. आजी स्वतः दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडून, घरच्या व्यायामाने सावरल्या होत्या. “डॉक्टर, विहीणबाईंना हे मला माझ्या तोंडाने सांगायचे आहे. कोणती साधने सुचवू?”

प्रश्न मोलाचा होता. पडण्याच्या भीतीने हालचाल घटते, त्यामुळे स्नायू क्षीण होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवले आहेत.

त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. भिंतीला टेकवलेली, चाके नसलेली भक्कम खुर्ची, व्यायामाचा रबरी पट्टा आणि पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली एवढे पुरते. पट्ट्याला चिरा नाहीत ना, हे आधी पाहावे. जोर लावताना श्वास रोखू नये.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने वाक्ये देवनागरीत लिहून दिली. ‘पुर्क्वा पा यून शेझ?’ म्हणजे ‘खुर्ची घेऊन पाहिली तर?’ पट्ट्यासाठी शब्द ‘एलास्तीक’. ‘दूसमाँ’ म्हणजे सावकाश. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’प्रमाणे फ्रेंचमध्येही ‘त्यू’ आणि ‘वू’ आहेत. विहिणीसाठी अर्थातच ‘वू’!

दोन वाक्यांचा आग्रह मी धरला. ‘सी सा फे माल, आरेते’: दुखले तर थांबा. आणि ‘दमाँदे आ व्होत्र किने’: तुमच्या फिजिओथेरपिस्टना विचारा. नुकत्याच पडलेल्या व्यक्तीने तपासणीविना व्यायाम सुरू करू नये. चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे जाणवताच थांबून डॉक्टरांना गाठावे.

आता इथली संध्याकाळ आणि तिथली दुपार साधून दोघी व्हिडिओ कॉलवर खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करतात. आजींचे उच्चार ऐकून विहीणबाई हसतात, पण उठतात!

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: ‘व्यायाम करा’ या आज्ञेपेक्षा ‘करून पाहू या का?’ हा प्रश्न अधिक गुणकारी. मग तो कोणत्याही भाषेत विचारा. मात्र शेजारी आणखी एक खुर्ची मांडा.